बोअर कुठे घ्यायचं नाही, हे कळलं तेव्हा

आमच्या गावात पाण्यासाठी पैसा आला की तो जमिनीत जातो. वित्त आयोगाचा निधी असो, वर्गणी असो, नाहीतर एखाद्या पुढाऱ्यानं दिलेला शब्द असो. संध्याकाळी बोअरची गाडी येते, नारळ फुटतो, रात्रभर कॉम्प्रेसर घरघरतो आणि उजाडेपर्यंत आजूबाजूच्या घरांवर पांढरट धुळीचा थर बसलेला असतो. अशी कोरडी गेलेली बोअरं गावठाणाभोवती जागोजाग आहेत. काहींच्या तोंडावर दगड ठेवलेले, काही नुसतीच उघडी. मी पाणीपुरवठा समितीत आले तेव्हा सगळ्यात आधी त्यांची यादी केली. कोणतं कधी घेतलं, किती फूट गेलं, काय लागलं, एवढंच लिहायचं होतं. कागदावर ते कुठेच नव्हतं, लोकांच्या तोंडी मात्र सगळं होतं.

गाव बालाघाटच्या माथ्यावर, पाटोदा तालुक्यात. मांजरा नदी याच डोंगरांत उगम पावते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, कारण या मांजरेवरचं धरण कोरडं पडलं होतं. उगमापाशी राहणाऱ्यांची स्थिती त्याहून वेगळी नाही. पाऊस सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, तोही कधी एका आठवड्यात पडून जाणारा, आणि माथ्यावरचं पाणी उताराला लागलं की थांबत नाही. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. टोळ्या एप्रिलच्या सुमाराला परततात, आणि नेमक्या त्याच दिवसांत विहिरींचे तळ दिसायला लागलेले असतात. माणसं दुप्पट आणि पाणी निम्मं, हा आमचा उन्हाळा. टँकर माणशी दिवसाला २० लिटरच्या हिशेबानं येतो. जलजीवन मिशनचा हिशेब माणशी ५५ लिटरचा आहे. त्या योजनेतून नळ आले, टाकी उभी राहिली, पण टाकीत सोडायला पाणी नव्हतं.

नवीन बोअरसाठी निधी आला तेव्हा ग्रामसभेत नेहमीप्रमाणे पाणाड्याला बोलवायचं ठरत होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, या वेळी आधी भूभौतिक सर्वेक्षण करू, म्हणजे जमिनीखालचे थर मशीननं मोजून बघू. पाणाड्यांबद्दल माझ्या मनात राग नाही. आमच्याकडे येणारे काका पैशासाठी हट्ट करत नाहीत आणि उंबर, वारूळ, ओढ्याचं वळण यांच्यावर त्यांची नजर पक्की असते. पण ते कधी ‘इथे कुठेच नाही’ असं म्हणून परत गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पैसेवाल्या बागायतदाराला एक बोअर कोरडं गेलं तर दुसरं घेता येतं. ज्या गावाकडे एकाच बोअरचा पैसा आहे, त्याला होकारापेक्षा नकार सांगणाऱ्याची जास्त गरज असते. हे मी सभेत बोलले आणि बायकांनी माझी बाजू धरली. हंडे त्यांच्याच डोक्यावर असतात.

पाण्यावर काम करणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेनं यायचं कबूल केलं. त्यांच्या मॅडम भूभौतिकशास्त्र शिकलेल्या. मला वाटलं होतं, त्या आल्या की मशीन लावतील आणि जागा दाखवतील. पण पहिल्या खेपेला त्यांनी मशीन आणलंच नाही. हातात एक टेप, टोकाला वजन बांधलेली दोरी आणि गावाचा नकाशा. म्हणाल्या, “ताई, आधी मला तुमच्या सगळ्या विहिरी दाखवा. पाणी असलेल्याही आणि आटलेल्याही.”

या कामाचा हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते. आमच्या मामंजींनी १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडली, पुढे आयुष्यभर लोकांच्या विहिरी खणल्या. वय झालं तरी त्यांना प्रत्येक विहिरीचे थर तोंडपाठ. मॅडम कठड्यावरून वाकून विहिरीच्या भिंती बघायच्या आणि मामंजी मागून सांगायचे: वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, त्याखाली हातभर गेरू, आणि मग काळा पाषाण, जिथं सुरुंगाशिवाय काम चालत नाही. मॅडम तेच नकाशावर रंगांनी भरायच्या. त्यांनी सांगितलं की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे लोट एकावर एक येत गेले आणि महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग त्या दगडानं झाकला गेला. प्रत्येक लोटाचं पोट घट्ट, तो काळा पाषाण. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी भोकाभोकांचा झालेला, तो मांजऱ्या. एक लोट थंड होऊन दुसरा येईपर्यंत मधे जो काळ गेला, त्यात वरचा भाग कुजून लाल झाला, तो गेरू. मामंजी ऐकून म्हणाले, “म्हणजे आम्ही जे खणत होतो ते बरोबरच होतं की.” मॅडम म्हणाल्या, “आबा, तुमच्यामुळे माझं निम्मं काम झालं.” त्या मन ठेवायला बोलत नव्हत्या, ते पुढे दिसलं.

भोकं दिसली म्हणजे पाणी असतंच असं नाही, हेही त्या दिवशी कळलं. मांजऱ्यातली बरीच भोकं पांढऱ्या खनिजानं बुजलेली असतात आणि एकमेकांना जोडलेली नसतात. दगड कुजलेला असेल, त्याला भेगा असतील, तरच पाणी त्यातून हलतं. आणि हललं तरी किती? आमच्यासारख्या बेसॉल्टमध्ये एक घनमीटर ओल्या दगडातून साधारण १० ते ३० लिटर पाणी निघतं. म्हणजे कपाटाएवढ्या दगडाला एखाद-दोन हंडे. हा आकडा ऐकल्यापासून ‘जमिनीखाली नदी वाहते’ हे बोलणं मी कानाआड करते.

मशीन आलं ते मे महिन्यात. मुद्दाम मे निवडला होता, कारण पावसाळ्यानंतर वरच्या थरात सगळीकडेच ओल असते आणि उन्हाळ्यात टिकणारं पाणी कुठलं ते कळत नाही. यंत्र दिसायला साधं, एक पेटी, बॅटरी, चार वायरींची रिळं आणि पोलादी खुंट्या. पद्धत अशी की एका रेषेत चार खुंट्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन खुंट्यांतून जमिनीत वीज सोडायची आणि आतल्या दोन खुंट्यांमध्ये किती व्होल्टेज पडतं ते मोजायचं. कोरडा दगड वीज अडवतो. दगडात पाणी असलं तर त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे वीज सोपी जाते. या अडवण्याला विद्युत रोधकता म्हणतात आणि ती ओहम-मीटरमध्ये मोजतात. मधली जागा तीच ठेवून बाहेरच्या खुंट्या जशा लांब नेत जाऊ, तशी वीज जास्त खोल उतरते आणि खालच्या थरांचं माप वर येतं. दोन टोकांमध्ये जेवढं अंतर, त्याच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतक्या खोलीचा अंदाज मिळतो. ही मांडणी शंभर वर्षांपूर्वी कॉनराड श्लुम्बर्जे नावाच्या फ्रेंच अभियंत्यानं बसवली, आणि अजूनही ती त्याच्याच नावानं चालते. बीएस्सीला शिकलेला ओहमचा नियम इतक्या वर्षांनी आपल्याच शिवारात उपयोगी पडताना पाहून मला मनापासून आनंद झाला.

खुंट्या ठोकायला आणि वायर ओढायला ऊसतोडीवरून परतलेली पोरं होती. मॅडम आकडा मोठ्यानं सांगायच्या, मी वहीत लिहायचे. मेमध्ये काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या, त्यामुळे खुंटीला माती नीट धरत नव्हती आणि वीज पुढे जात नव्हती. उपाय म्हणजे खुंटीच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतायचं. एका मामींना ते बघवलं नाही. त्या पुढे होऊन म्हणाल्या, “अगं बाई, प्यायला नाही आणि तुम्ही रानात ओतता?” कुणीच काही बोललं नाही. मॅडमनी काम थांबवलं, मामींना पेटीजवळ बसवलं आणि पाणी ओतण्याआधीचा आणि नंतरचा काटा दाखवला. दुसऱ्या दिवशी मामी स्वतः भांडी धुतलेलं पाणी साठवून घेऊन आल्या आणि दिवसभर प्रत्येक खुंटीला त्यांनीच ते घातलं.

वायरी कुठून न्यायच्या यालाही नियम होते. लोखंडी कुंपण, पुरलेली पाइपलाइन आणि विजेच्या तारा यांच्यापासून दूर. त्यामुळे गावठाणात माप घेणं अवघडच गेलं. सगळ्यात आधी एका चालू विहिरीशेजारी आणि मग एका कोरड्या बोअरशेजारी मोजणी केली. खाली काय आहे हे मामंजींमुळे ठाऊक असलेल्या जागा त्या, म्हणजे आमच्या शिवारात कोणता थर कोणता आकडा देतो ते तपासता आलं. काळ्या मातीत रोधकता १० च्या आत-बाहेर, पाणी धरलेल्या मुरुमात आणि मांजऱ्यात साधारण २० ते ७०, काळ्या पाषाणात शंभराच्या वर चढतच जाणारी. आधीच्या विहिरींची पाहणी न करता एकदम मशीन लावणारे लोक हा ताळा कशाशी लावत असतील, मला खरंच कळत नाही. शिवाय एक फसगत आहे. गेरू आणि चिकणमातीही वीज सहज जाऊ देतात, म्हणजे आकडा कमी आला तरी खाली पाण्याऐवजी चिकट गेरू असू शकतो. विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणीच खारं आहे. तिथं आकडा फारच खाली येतो, पण ते पाणी पिण्यासारखं नसतं. मशीन पाणी दाखवत नाही, फक्त रोधकता दाखवतं, हे वाक्य मॅडमनी ग्रामसभेतही सांगितलं.

रात्री आमच्याकडे जेवताना त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवले. केनियात तुर्काना नावाचा कोरडा भाग आहे. तिथल्या काकुमा निर्वासित छावणीत पाण्यासाठी असंच सर्वेक्षण झालं. जगातल्या भूभौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २००८ पासून अशा कामांसाठी वेगळा कार्यक्रमच सुरू केलाय. हे शास्त्र वाढलं ते मुख्यतः तेल आणि खनिजं शोधण्यासाठी. तीच यंत्रं घरदार सोडून आलेल्या माणसांच्या पाण्यासाठी नेणारे लोक आहेत, हे ऐकून मला फार बरं वाटलं. सासूबाईंनी फोटोतल्या रांगेतल्या बायका बघितल्या आणि विचारलं, “त्यांना लागलं का मग पाणी?”

मोजलेले आकडे दोन्ही बाजूंना लॉग मापं असलेल्या आलेखाच्या कागदावर मांडले आणि रेषा काढल्या. गावाला तीन जागा हव्या होत्या. देवळामागची, कारण टाकी जवळ. शाळेशेजारची, कारण जमीन पंचायतीची. आणि पाणाड्या काकांनी पूर्वी सांगून ठेवलेली, उंबराजवळची. तिन्ही ठिकाणी रेषा थोडी खाली येऊन लगेच सरळ वर चढत गेली. म्हणजे वर जरासा मुरूम आणि खाली सलग पाषाण. मॅडमनी तिन्ही जागांसमोर लाल पेनानं ‘नको’ लिहिलं.

गावाला ते रुचलं नाही. “बायांनी शिकलेल्या माणसाला आणलं आणि तिनं तर पाणीच नाही म्हणून सांगितलं,” असं पारावर बोललं गेलं. उंबराजवळची जागा चुकीची होती हे सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही, कारण तिथं खोदलंच नाही. पण तिच्यापासून हाकेच्या अंतरावर साडेतीनशे फुटांचं एक कोरडं बोअर आमच्या यादीत होतं, आणि आलेखही तेच सांगत होता. या दोन गोष्टी एकत्र वाचून दाखवल्यावर आवाज खाली आले.

चौथी जागा कुणीच सुचवली नव्हती. गावाच्या खालच्या अंगाला दोन ओढे मिळतात त्याच्या जरा वर, उपग्रहाच्या चित्रात ओढा अचानक सरळ रेषेत गेलेला दिसतो तिथं. अशी सरळ रेष खडकातल्या भेगेची असू शकते, म्हणून तिला आडवं छेदत ठरावीक अंतरावर मापं घेतली. एका पट्ट्यात आकडे स्पष्टपणे उतरले, दोन्ही बाजूंना परत चढले. तिथल्या मोजणीत साधारण ८० ते १४० फुटांच्या दरम्यान नरम थर असावा असं निघालं. मॅडमनी त्यापुढे हेही लिहिलं की हा गेरू असण्याची शक्यता आहे, पण शेजारच्या विहिरीतला गेरू हातभरच जाड असल्यानं ती कमी वाटते.

जागा खासगी होती. पुढची धावपळ थोडक्यात सांगते. सातबारा काढला, मालकाच्या भावांची संमती घेतली, ग्रामपंचायतीच्या नावे बक्षीसपत्र झालं. जमीन थोडीच गेली, पण बांधावरची होती, आणि बांधावरची जमीन देणं म्हणजे काय ते शेतकऱ्यालाच कळतं. त्या भावांचे उपकार गाव विसरणार नाही.

गाडी आली तेव्हा मॅडमनी एक अट घातली होती. दर दहा फुटांना वर येणारी चुरी वेगळी काढायची आणि ओळीनं मांडायची. ते काम शाळेतल्या मुलींनी केलं. काळी, पिवळसर, करडी, मग भोकांतल्या पांढऱ्या खनिजाचे कण असलेली. साठ फुटांवर लाल चुरी येऊ लागली तेव्हा माझा जीव खालीवर झाला, कारण सर्वेक्षणात तिथं गेरू धरलेला नव्हता. तो दहा-बारा फूट चालला. त्यानंतर मांजऱ्या लागला, चुरी ओली झाली आणि शंभराच्या पुढे पाणी वर फेकलं जाऊ लागलं. नरम थर अंदाजापेक्षा वरच सुरू झाला होता आणि जास्त खाली जाऊन संपला. एकशे साठ फुटांवर काळा पाषाण आला. गाडीवाले म्हणत होते, आता लागलंच आहे तर अजून शंभर-दीडशे फूट मारू. त्यांचा भाव फुटावर असतो. आलेख खाली चढतच गेलेला होता, म्हणून समितीनं तिथंच थांबायचं ठरवलं. आमच्या गावात पाणी लागल्यावर खोदणं थांबवलेलं ते पहिलंच बोअर असावं.

फवारा बघून लोकांनी गुलाल आणला. मला मात्र मोजमाप झाल्याशिवाय चैन पडत नव्हतं. पत्र्यात त्रिकोणी खाच पाडून त्यावरून पाणी सोडायचं आणि खाचेतली उंची मोजायची, म्हणजे तासाला किती लिटर ते कळतं. तासाला साधारण चार हजार लिटर भरलं. बोअरला पाणी परत भरायला वेळ मिळावा म्हणून दिवसाला सहा-सात तासच उपसा करायचा असं ठरलं. बाराशे माणसांना ते माणशी २० लिटरच्या थोडं पुढे जातं. म्हणजे टँकरचा हिशेब सुटला, ५५ लिटरचा नाही. जुनी विहीर जानेवारीपर्यंत साथ देते तोवर बरं चालतं, पुढे काटकसर करावी लागते. हे खरं चित्र आहे आणि ते असंच सांगायला हवं, नाहीतर लोक नळ उघडे ठेवतात.

पाण्याची तपासणीही केली, जुन्या हापशासकट. उकिरड्यांच्या मधोमध असलेल्या हापशाच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं. त्याच पाण्यावर इतकी वर्षं लहान पोरं वाढली. नव्या बोअरचं पाणी मर्यादेत बसलं. हापसा आता फक्त जनावरांसाठी आणि धुण्यासाठी आहे, वर तसं रंगानं लिहिलंय. हापशावरून आठवलं, देशभर पसरलेल्या इंडिया मार्क दोन पंपाची मुळं जालना आणि सोलापूरच्या दुष्काळी भागात बनलेल्या पंपांत आहेत. दुष्काळानं मराठवाड्याला दिलेली ही एक गोष्ट तरी जगाच्या उपयोगी पडली.

सर्वेक्षणाचा सगळ्यात मोठा उपयोग बोअर झाल्यानंतर झाला. विहिरींच्या थरांचा नकाशा आणि मशीनची मापं एकत्र ठेवल्यावर तो मांजऱ्याचा थर वरच्या अंगाला कुठे उघडा पडतो ते दिसलं. आधी आमच्याकडे बांध घातले गेले ते सोयीच्या जागी, आणि त्यातले काही थेट काळ्या पाषाणावर. तिथं पाणी साठतं, उन्हानं उडतं, खाली जात नाही. आता समतल चर आणि दगडी बांध त्या उघड्या पट्ट्यात घेतले आहेत. बोअरमध्ये पाणी किती खोल आहे ते दर महिन्याला मोजून शाळेच्या भिंतीवर लिहितो. वजन बांधलेली दोरी मामंजींकडेच असते.

सार्वजनिक पिण्याच्या पाण्यापासून ५०० मीटरच्या आत नवीन बोअर घेऊ नये, हा कायदा राज्यात १९९३ पासून आहे. कागदावर असलेली ही गोष्ट ग्रामसभेत ठराव करून परत वाचून दाखवली, कारण खालच्या बाजूच्या एका शेतकऱ्यानं आमचं पाणी बघून गाडी सांगितली होती. त्याच्याशी भांडण केलं नाही. त्याला आलेख दाखवला, भेगेचा तो पट्टा किती अरुंद आहे ते दाखवलं आणि सांगितलं, दादा, तुझं लागलं तर गावाचं जाईल आणि दोन वर्षांनी तुझंही जाईल. त्यानं गाडी परत पाठवली. त्याच्या शेततळ्यासाठी पंचायतीनं अर्ज पुढे केला आहे. उघड्या कोरड्या बोअरांमध्ये माती-मुरूम भरून तोंडं बंद केली. मूल त्यात पडेल ही धास्ती आता नाही.

तांड्याचा प्रश्न अजून बाकी आहे. तांडा माथ्यावर आहे आणि तिथवर नळ नेला तर एवढं पाणी पुरणार नाही. तिथं घेतलेल्या एका मोजणीत आकडे चढेच आले, पण ती एकच रेषा होती आणि शेजारून विजेची तार जाते. मॅडम म्हणाल्या, एवढ्यावरून नाही म्हणणं तांड्यावर अन्याय होईल. पुढचं सर्वेक्षण येत्या मेमध्ये ठेवलं आहे, टोळ्या परतल्यावर, म्हणजे तांड्यातलीच माणसं खुंट्या ठोकायला असतील आणि आकडे त्यांच्यासमोर लिहिले जातील. तिथंही ‘नको’ निघालं, तर बोअरचा पैसा छतावरचं पाणी साठवायच्या टाक्यांना लावायचा, असा ठराव ग्रामसभेनं आधीच करून ठेवला आहे.